बॉम्बचं नाव 'लहान मुलगा' का होतं?

हे या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांनी चहासोबत वाचून काढावं.

सुरुवात घरातूनच करतो. माझा भाचा ओजस सातवीत आहे. गेल्या महिन्यात ताईकडे जेवायला गेलो होतो, तर हा ताट बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिटल बॉयचं मॉडेल करायचंय. तू इंजिनिअर आहेस ना? मदत कर." मी लगेच हो म्हणालो. प्रदर्शनाचा मला जुना अनुभव आहे. आठवीत असताना मी पोखरणवर प्रकल्प केला होता. थर्माकोलचं वाळवंट, कापसाचा मशरूम ढग आणि त्याच्या आत लाल एलईडी. बटण दाबलं की ढग पेटायचा. पहिलं बक्षीस मिळालं होतं. मे १९९८ मध्ये चाचण्या झाल्या तेव्हा मी जेमतेम वर्षाचा होतो, पण बाबांनी पेढे वाटल्याची गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की तो पेढा मीच खाल्लाय असं वाटतं.

ओजसने पुढचा प्रश्न विचारला आणि मी अडकलो. "मामा, पण एवढ्या मोठ्या बॉम्बला 'लहान मुलगा' का म्हणायचे?"

मला माहीत नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं, आणि त्यातून हा भाग तयार झाला. आज आपण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणार आहोत. एक, अणुबॉम्ब. दोन, गोष्टी-कवितांमधलं पोरवय. वरवर बघता यांचा काही संबंध नाही. पण आहे, आणि तो नावापासूनच सुरू होतो.

आधी नाव. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सर्बर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. बॉम्बच्या आराखड्यांना नावं त्यांनी दिली, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. प्लुटोनियम वापरून केलेला एक आराखडा लांबलचक होता, सतरा फुटांच्या आसपास. त्याला नाव दिलं 'थिन मॅन'. हे डॅशिएल हॅमेट या लेखकाच्या एका डिटेक्टिव्ह कादंबरीचं नाव. दुसरा आराखडा गोल, ढेरपोट्या. त्याला 'फॅट मॅन'. हे नावही हॅमेटच्याच गोष्टीवरच्या 'द माल्टीज फाल्कन' सिनेमातल्या एका लठ्ठ पात्रावरून. म्हणजे मंडळी, जगातल्या सगळ्यात भयानक शस्त्रांची नावं हेरकथांमधून आलीत!

पुढे १९४४ च्या जुलैमध्ये लक्षात आलं की थिन मॅन चालणार नाही. प्लुटोनियम इतकं उतावीळ असतं की दोन तुकडे नीट एकत्र यायच्या आधीच फुसकन उडून जाईल. मग तीच कल्पना युरेनियमसाठी वापरली. युरेनियम तुलनेने शांत, त्यामुळे नळी छोटी चालते. सतरा फुटांचं दहा फुटांवर आलं. थिन मॅनच्या मानाने हा बुटका, म्हणून 'लिटल बॉय'. ओजसच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर एवढंच आहे.

पण हे मुलाचं प्रकरण तिथे थांबत नाही. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. तेव्हा अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेला गेले होते. त्यांना गुप्त तार गेली ती डॉक्टर आणि बाळाच्या भाषेत. डॉक्टर खूश आहेत, धाकटा थोरल्याइतकाच दणकट आहे, त्याच्या डोळ्यांतली चमक आणि रडण्याचा आवाज किती दूरवर पोचला, असा सगळा मजकूर. चमक किती मैलांवरून दिसली आणि आवाज किती मैलांवर ऐकू आला, हे त्यातून कळवायचं होतं. असं सांगतात की तार उलगडणाऱ्या पोरांना वाटलं, सत्त्याहत्तर वर्षांच्या मंत्रिमहोदयांना मुलगा झाला! आणि पुढे १९५२ मध्ये पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी यशस्वी झाली, तेव्हा एडवर्ड टेलर यांनी लॉस अलामॉसला तार केली, तीसुद्धा मुलगा झाल्याची.

जरा थांबून विचार करा. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, आणि बॉम्बची चाचणी झाली तेव्हाही पेढेच वाटले. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आता हा 'मुलगा' काम कसं करायचा ते थोडक्यात. बंदुकीची नळी डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला युरेनियमचा एक भाग, दुसऱ्या टोकाला दुसरा. वेगवेगळे असताना दोघंही निवांत. मागे साधी दारू पेटवली की एक भाग गोळीसारखा सुटतो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो. दोन्ही मिळून वस्तुमान इतकं होतं की एक अणू फुटला की त्यातून निघालेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, ते त्याच्या पुढचे. आपल्या भाषेत सांगायचं तर बेस कंडिशन नसलेलं रिकर्शन. आमच्याकडे त्याने सर्व्हर पडतो. इथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सगळं संपतं.

रचना इतकी खात्रीची होती, आणि युरेनियम इतकं दुर्मीळ, की हा प्रकार आधी वाळवंटात उडवून बघितलाच नाही. न्यू मेक्सिकोत चाचणी झाली ती फॅट मॅनच्या जातीची. लिटल बॉयची पहिली चाचणी म्हणजेच हिरोशिमा. प्रॉडक्शनवर थेट डिप्लॉय.

आत सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं एक किलोही फुटलं नाही. आणि प्रत्यक्ष ऊर्जेत रूपांतर झालेलं वस्तुमान साधारण पाऊण ग्रॅम. म्हणजे एका शेंगदाण्याएवढं. त्या एका दाण्यातून १५,००० टन टीएनटीइतकी ऊर्जा निघाली. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. ते विमान होतं 'एनोला गे', आणि हे नाव वैमानिक पॉल टिबेट्सच्या आईचं. आईच्या नावाच्या विमानातून 'लहान मुलगा' खाली पडला. हे मी रचून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, जरा जास्तच झालं.

आता दुसरी गोष्ट. पोरवय.

आपण मराठीत पोरवय कसं वाचत आलो? साने गुरुजींचा श्याम घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. श्याम चुकतो, खोटं बोलतो, पाण्याला घाबरतो, रुसतो. आई रागावते आणि मग जवळ घेते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला, बुटका, काटकुळा, सायकलवर सुसाट, आणि तोंडातून 'ट्टॉक'. तो संकटात पडतो आणि सुटतोच. त्या मालिकेतली नावं बघा, 'जवानमर्द फास्टर फेणे', 'फास्टर फेणेचा रणरंग'. युद्धसुद्धा त्याच्यासाठी पराक्रमाचं मैदान. मी ती सगळी पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून आणून वाचलीत आणि अजूनही माझी आवडती आहेत. आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. सीमाभागातल्या गावात आजीकडे राहणारा, डोक्यात एकाच वेळी सतरा विचार चालणारा पोरगा.

या तिघांत समान काय? मला वाटतं, तिघांनाही चूक करायला वेळ आहे. पोरवयाची गोष्ट म्हणजे ज्यात चुकीला 'उद्या' असतो. आज पडलास, उद्या उठशील. आज खोटं बोललास, उद्या आईला सांगशील. श्यामच्या गोष्टीत मृत्यू आहे, लंपनच्या गोष्टीतही आहे. पण तो एकेका माणसाचा मृत्यू आहे. त्याच्यासाठी रडायला घर शिल्लक असतं.

इथे मला एक योगायोग सापडला. प्रकाश संतांचा जन्म १९३७ चा. त्यांचे वडील ना. मा. संत १९४६ साली गेले. तेव्हा प्रकाश नऊ वर्षांचे. आई, म्हणजे कवयित्री इंदिरा संत, आणि तो घाव त्यांच्या कवितेत आयुष्यभर राहिला. मुलाच्या लेखनात तो लंपन होऊन आला. साठच्या दशकात काही कथा, मग फार मोठा खंड, आणि मग नव्वदीत 'वनवास' हे पुस्तक.

त्याच सुमाराचा दुसरा एक मुलगा. केइजी नाकाझावा, जन्म १९३९, हिरोशिमा. ६ ऑगस्टला तो सहा वर्षांचा होता. शाळेच्या फाटकाशी उभा होता, बॉम्बपासून साधारण सव्वा किलोमीटरवर. मध्ये शाळेची भिंत आली म्हणून वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकले आणि जळाले. आईने त्याच दिवशी रस्त्यावर एका मुलीला जन्म दिला. ती मुलगी काही महिन्यांतच गेली. नाकाझावा पुढे चित्रकथा काढायला लागले, आणि १९७३ मध्ये त्यांनी 'हादाशी नो गेन' सुरू केली. म्हणजे 'अनवाणी गेन'. ती छापून आली 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात. 'शोनेन' म्हणजे मुलगा. मुलांच्या धमाल साप्ताहिकात, मारामाऱ्या आणि खेळांच्या गोष्टींशेजारी.

मी ती कथा आमच्या जपानी भाषेच्या वर्गामुळे वाचली. पुण्यात आयटीतली निम्मी जनता कधी ना कधी जपानी शिकते, तसा मीही क्लायंटसाठी शिकत होतो. मुलांसाठीचं पुस्तक म्हणजे सोपं असेल, म्हणून घेतलं. भाषा तशी सोपीच होती. पण पंचवीसेक पानं वाचून मी दोन दिवस ते उघडलं नाही.

गेन आणि फास्टर फेणे हे भाऊ शोभतील, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गेन वांड आहे, उचापती आहे, भुकेला आहे, गाणी म्हणतो, भांडतो, चावतो. फेणेसारखाच सुटतो. फरक एवढाच की तो सुटतो आणि मागे वळून बघतो तर शहर नसतं.

त्या दिवशी हिरोशिमाच्या रस्त्यांवर मुलं इतकी का होती, हेही समजून घेऊ. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून लाकडी घरं पाडून मोकळे पट्टे तयार करायचं काम चालू होतं. मोठी माणसं लढाईवर, म्हणून त्या कामाला शाळकरी मुलं लावली होती. बारा-तेरा वर्षांची. त्या सकाळी शहरात अशी आठ हजारांहून जास्त मुलं होती, आणि त्यातली जवळपास सहा हजार गेली. त्यातला एक शिगेरू ओरिमेन, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात. म्हणजे आपल्याकडची सातवी. आईने तीन दिवसांनी त्याला शोधलं, तेव्हा त्याच्या अंगाखाली जेवणाचा डबा होता. डबा तसाच, आतलं अन्न कोळसा झालेलं. तो डबा आज हिरोशिमाच्या संग्रहालयात आहे. तिथेच शिन तेत्सुतानी या जेमतेम चार वर्षांच्या मुलाची तीन चाकी सायकल आहे. वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणात पुरली होती. एवढ्याशा मुलाला एकट्याला लांब स्मशानात ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. चाळीस वर्षांनी त्यांनी ती काढून संग्रहालयाला दिली.

कवितेचं काय, असं विचाराल. हिरोशिमाचे कवी सांकिची तोगे यांनी १९५१ मध्ये अणुबॉम्बवरच्या कवितांचा संग्रह काढला. अमेरिकी सत्तेचा ताबा अजून उठला नव्हता, अशा विषयावर लिहिणं सोपं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने आणखी एक संग्रह निघाला, 'अणुढगाच्या खालून' अशा अर्थाच्या नावाचा, आणि त्यात लहान मुलांनी लिहिलेल्या कविता होत्या. मला या नावाचं महत्त्व उशिरा कळलं. आपण तो ढग नेहमी वरून किंवा लांबून बघतो. फोटो विमानातून काढलेला, सिनेमातला स्फोट वाळवंटातला. माझा कापसाचा ढगसुद्धा तसाच, टेबलाशी उभं राहून वरून बघायचा. मुलांनी तो खालून पाहिला होता.

आपल्याकडे हे खालून बघणं मराठी वाचकांना बहुतेक 'तोत्तोचान'मधून माहीत आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद. पुण्यात पालकनीती, शिक्षण अशा गप्पा निघाल्या की हे पुस्तक हमखास निघतं. पण आपण रेल्वेच्या डब्यातली शाळा लक्षात ठेवतो आणि शेवट विसरतो. शेवटी ती शाळा बॉम्बने जळते. अणुबॉम्ब नाही, साधे आग लावणारे बॉम्ब. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण फोटो काढायला जातो ना, ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. ते ओकायामा शहरही २९ जून १९४५ च्या रात्री असंच जाळलं गेलं. आपल्याला तिथला लाकडी पूल आणि मासे माहीत असतात.

आता एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण मेसेज येणारच. जपानने काय कमी केलं? बरोबर आहे. नानकिंगमधल्या कत्तली विसरता येत नाहीत. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपानी सैन्य अडवताना मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली, आणि ती पोरंही आपल्याच गावांतली होती. बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं की नाही, यावर इतिहासकार आजही भांडतात. नाकाझावा स्वतःच्या देशाला माफ करत नाहीत, हे विशेष. गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून तुरुंगात जातात, शेजारी छळतात. कोरियन शेजाऱ्याला जपान्यांनी कसं वागवलं, तेही त्यात आहे. म्हणूनच त्या पुस्तकावर जपानमध्येही वाद होतात. २०२३ मध्ये हिरोशिमा शहराच्या शाळांमधल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ते काढलं गेलं. पण दोष कोणाचा हा वाद मोठ्यांचा आहे. सातवीतला मुलगा घरं पाडायला कोणत्या धोरणामुळे उभा होता, हे त्याने ठरवलं नव्हतं.

तर आता ओजसच्या मॉडेलकडे. मी त्याला नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं असतं तर त्याने यूट्यूब बघून एकट्याने केलं असतं. आम्ही पीव्हीसी पाइप, दोन रंगांचं थर्माकोल आणि स्प्रिंग घेऊन नळी बनवली. एक तुकडा दुसऱ्यावर जाऊन बसतो की दिवा लागतो. मग मी म्हटलं, "आता एक नकाशा करू."

पुण्याचा नकाशा प्रिंट केला. केंद्र धरलं शनिवारवाडा. हिरोशिमात साधारण दोन किलोमीटरच्या आतलं जवळपास सगळं जळून गेलं होतं. ओजसने कंपास घेऊन प्रमाणात वर्तुळ काढलं. अप्पा बळवंत चौक अर्ध्या किलोमीटरच्या आत. तुळशीबाग आत. मंडई आत. लक्ष्मी रोड आत. लकडी पूल आत. सारसबाग काठावर. त्याने वर्तुळात पेन्सिलने स्वतःची शाळा शोधली, मग क्लासची जागा, मग ज्याच्याकडे क्रिकेट खेळायला जातो त्या मित्राची सोसायटी. बोलला काहीच नाही. मग विचारलं, "मामा, फास्टर फेणेची पुस्तकं आपण कुठून आणली होती?" मी चौकावर बोट ठेवलं.

मग मी त्याला ओरिमेनच्या डब्याबद्दल सांगितलं. शिकवण वगैरे दिली नाही, फक्त सांगितलं. त्याने विचारलं, "डब्यात काय होतं?" मी म्हटलं, धान्य आणि सोयाबीन घातलेला भात, आणि भाजी. घरच्या मळ्यातलं, म्हणून त्या दिवशी डब्याची त्याला फार उत्सुकता होती म्हणे. ओजस म्हणाला, "म्हणजे मधल्या सुट्टीची वाट बघत होता."

इंजिनिअर म्हणून एक गोष्ट बोलतो आणि थांबतो. लॉस अलामॉसमधले बरेच जण माझ्याच वयाचे होते, विशी-तिशीतले. कठीण प्रश्न, हुशार मित्र, डेडलाइन, आणि प्रश्न सुटल्याचा आनंद. हा आनंद मला ओळखीचा आहे, रात्री दोनला बिल्ड पास झाल्यावर होतो तसा. त्यांना मी राक्षस म्हणणार नाही. त्यांनी आपल्या कामाला बाळाचं, मुलाचं नाव दिलं, कारण आपण बनवलेल्या गोष्टीवर आपलं प्रेम असतंच. फक्त त्या नावाचं खरं मूल खाली उभं असतं, ते वरून दिसत नाही. माझ्या आठवीच्या प्रकल्पात लाल दिवा होता, वर्तुळ नव्हतं. मला कोणी काढायला सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ओजसचं प्रदर्शन झालं. बक्षीस मिळालं नाही, तिसरं गेलं ते हायड्रॉलिक जेसीबीला. पण तो सांगत होता की मुलं नळीचं बटण एकदा दाबायची आणि मग बराच वेळ नकाशावर आपापलं घर शोधत उभी राहायची. नकाशाशेजारी त्याने स्वतःचा स्टीलचा डबा ठेवला होता. ताईला वाटलं, विसरून आला.

तुमच्या घरात सातवी-आठवीतलं कोणी असेल तर त्यांच्यासोबत हा नकाशा करून बघा, तुमच्या गावाचा. कंपास आणि पेन्सिल पुरते. पुढच्या भागात लंपनवर निवांत बोलू, तेव्हा 'वनवास' वाचून ठेवा. भेटू.